माझ्या रानात न उगवलेली ज्वारी

वहिनी,

चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं होतं की तुम्ही दिलेलं ज्वारीचं बी माझ्या रानात उगवलं नाही. ते खोटं होतं. ते बी मातीत पडलंच नव्हतं. मी ते गिरणीत नेऊन दळून आणलं आणि आम्ही त्याच्या भाकरी खाल्ल्या.

अडतीस वर्षं शाळेत 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य पोरांकडून गिरवून घेतलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र चार वर्षं जीभ उचलली नाही. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलला नसतात. दोन्ही मला चाललं असतं.

तुम्ही जाऊन महिना होत आला. लोक येतात, बसतात, 'लय चांगल्या होत्या' म्हणतात, चहा घेऊन जातात. चांगल्या होतात यात वादच नाही. पण किती हट्टी होतात, समोरच्याला बोलता बोलता कशा गप्प करायचात, आणि दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून त्याच्या पिकाला नावं ठेवायची तुम्हाला किती हौस होती, हे कुणी काढत नाही. मला त्याच वहिनींशी बोलायचंय.

मी निवृत्त होऊन परभणीहून गावी आलो ते साल आठवा. दादाला जाऊन तोवर सहा वर्षं झाली होती. तुमचं दोन एकर, माझं दोन एकर, मध्ये एक बांध. मी अजून सामानाची खोकी सोडत होतो आणि तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. "भावजी, औंदा एक एकर तरी ज्वारी लावा. समद्या शिवारात मी एकटीच राहिले. गावाची पाखरं मी एकटीनंच पोसायची का?"

तुमचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरं थोडं ह्याचं खायची, थोडं त्याचं, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मग एकेकानं सोयाबीन धरलं, हरभरा धरला, कापूस धरला. एकटं तुमचंच रान ज्वारीचं उरलं आणि पंचक्रोशीतल्या चिमण्या, साळुंक्या, राघू सगळे तिथं पंगत धरून बसायला लागले. शेजाऱ्यानं ज्वारी लावली तरच आपली वाचते, असं हे पीक.

मी तेव्हा शहाणपणा केला. म्हणालो, वहिनी, काढणीला माणूस मिळत नाही, धाटं उपटायचं नाव काढलं की मजूर फोन उचलत नाहीत, कोण करतंय ही मेहनत. तुम्ही कमरेवर हात ठेवलेत. "पाणी मागती का ती? फवारा मागती का? थंडी पडली की दवावर येती. माणसाला भाकर हाय, ढोराला कडबा हाय. अजून काय पायजे तुमाला, तिच्यासंगं हुंडा?"

गंमत म्हणजे माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवसांत शाळाशाळांमध्ये भरडधान्यांचा मोठा उत्साह चालला होता. मी पोरांकडून ज्वारी-बाजरी-राळ्याचे तक्ते करून घेतले होते, गावातून फेरी काढली होती, घोषणाही मीच लिहिल्या होत्या. आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यात गव्हाची पोळी निघायची. तुमच्या जावेनं, सुमननं, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला सरळ उठून अंगणात जावं लागलं.

शेवटी मी एका एकराला हो म्हणालो. तुम्ही बी दिलंत.

तुमचं बी म्हणजे दुकानातली पिशवी नव्हे. पीक उभं असतानाच तुम्ही त्यात फिरायचात. कणीस गच्च आहे, दाणा मोत्यासारखा आहे, धाट वाऱ्याला पडलेलं नाही, असं एकेक झाड निवडून त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचात. काढणीला तेवढी कणसं वेगळी. मग ती चुलीच्या वर आढ्याला टांगायची, म्हणजे धुरानं कीड लागत नाही. पेरणीच्या आधी हातानं चोळून दाणे काढायचे, राख लावायची, कडुलिंबाचा पाला घालायचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सेलूकडून तुमच्या आईनं पाठवलेलं वाण, ते असं तुम्ही दरसाल पुढे ढकलत आणलेलं. त्यातलं पायलीभर तुम्ही फडक्यात बांधून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हस्तात पेरा. उशीर नका करू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला सेलूला गेलात.

त्याच आठवड्यात माझे शाळेतले जुने सोबती यायचे होते, चौघं जण. आमंत्रण माझंच. 'गावाकडं या, चुलीवरची भाकरी आणि पिठलं खाऊ घालतो', असा रुबाब फोनवर करून बसलो होतो. त्या सकाळी डबे बघितले तर घरात गव्हाचं पीठ तेवढं होतं. सुमन दोन घरी जाऊन आली, वाटीवाटी पीठ मिळालं. सहा माणसांच्या भाकरी त्यात काय होणार? तुमच्या घराला कुलूप. मग माझी नजर कोनाड्यातल्या फडक्याकडे गेली.

सुमन म्हणाली, "अहो, ते बियाणं आहे."

मी म्हणालो, "मग काय झालं? ज्वारीच आहे ना."

हे वाक्य मला अजून सलतं. भरडधान्यांच्या घोषणा लिहिणाऱ्या माणसाचं हे वाक्य. पाला वेचून काढला, दोनदा पाखडून राख उडवली आणि पिशवी गिरणीत नेली. गिरणीवाल्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "मास्तर, असला दाणा दळायला टाकायलात?" मी घाई असल्याचं सांगितलं.

भाकरी मात्र झाल्या, वहिनी. राखेची छटा थोडी राहिली होती, पण चव काय सांगू. आमचे माजी मुख्याध्यापक तिसरी भाकरी मोडता मोडता म्हणाले की देशी वाणांचं जतन झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीला ही चव कळणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सुमन चुलीपुढून उठून आत गेली.

तुम्ही आलात की कबूल करू आणि पुन्हा बी मागू, असं मनाशी ठरवलं होतं. पण तुमचा मुक्काम लांबला. हस्त गेला, चित्रा लागली. मी त्या एकरात गुपचूप हरभरा पेरून टाकला. तुम्ही एसटीतून उतरलात त्या घरी न जाता हातात पिशवी तशीच घेऊन बांधावर आलात. एका बाजूला तुमच्या गड्यानं पेरलेली तुमची ज्वारी वीतभर आलेली. दुसऱ्या बाजूला माझा हरभरा.

"भावजी, ज्वारी?"

"उगवलीच नाही, वहिनी. मोडून हरभरा पेरला."

इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, माझ्या रानातलं ढेकूळ उचललंत, बोटांनी फोडलंत, नाकाला लावलंत. मग एकदा इकडे बघितलंत, एकदा तिकडे. "एक दाणा न्हाई आला?" मी मान हलवली. "असं कवाच झालं न्हाई," एवढंच म्हणालात. मला वाटलं सुटलो.

सुटलो कुठला. आठ दिवसांनी तुमच्या उकिरड्यावरचं शेणखत माझ्या रानाच्या कडेला येऊन पडलं. दोन ट्रॉल्या. तुमच्या मते माझ्या रानाचा दम संपला होता आणि त्याला आधी खाऊ घालायला हवं होतं. ते खत मी पसरलं. त्यावर माझा हरभरा इतका जोरात आला की गावात चर्चा झाली. त्यातले ओले घाटे तुम्हाला आणून दिले तेव्हा तुम्ही म्हणालात, "रान तर चांगलं हाय. मग माझ्याच बियाशी का वाकडं?"

तुम्ही त्यावर महिनोनमहिने विचार केलात. ओल्या गोणपाटात दाणे मोजून ठेवून बघितलेत, सगळे फुटले. तुमच्या रानात दरसाल पीक उभं राहत होतं. शेवटी तुम्ही एक निष्कर्ष काढलात आणि तो तुमच्या डोक्यात पक्का बसला: या बियाला आता फक्त तुमच्याच रानाची सवय झाली आहे, दुसऱ्या मातीत ते जीव धरत नाही.

पुढच्या नवरात्रात बोरीच्या नर्मदाबाई आल्या. दरसाल यायच्या, पदरात बी घेऊन जायच्या. तशा आणखी पाच-सात जणी होत्या. बी मागायला आलेल्या बाईला तुमच्या दारातून रिकामं पाठवायचं नाही, हा तुमचा नेम. त्या दिवशी मी ओसरीवर चहा पीत होतो. तुम्ही नर्मदाबाईंना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "बाई, ह्याला आता माझ्याच रानाची सवय लागली. भावजीचं रान तर एका बांधापलीकडं, तिथं बी न्हाई उगवलं. तुला देऊन तुझं साल कशाला बुडवू? इमानानं सांगायले."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. नर्मदाबाई रिकाम्या पदरानं गेल्या. मग बाकीच्याही गेल्या. मीही पुन्हा बी मागितलं नाही आणि तुम्हीही दिलं नाहीत, माझं नुकसान होऊ नये म्हणून. तुमच्या आईकडून आलेलं वाण चार वर्षांत तुमच्या दोन एकरांवर येऊन थांबलं, ते माझ्या एका खोट्यापायी.

पण वहिनी, या चार वर्षांत मी सुखात होतो, हेही सांगितलं पाहिजे. पौष लागला, कणसात दूध भरलं की सकाळी सकाळी तुमच्या रानातून डबा वाजायचा आणि तुमची आरोळी यायची. पहिल्या वर्षी मी नुसता लाजेनं आलो. माझ्यामुळे तुम्ही पाखरांपुढे एकट्या पडला होतात. नंतर मात्र सवय लागली. तुम्ही माचावर, मी खाली गोफण घेऊन. मला गोफण कधी नीट आली नाही. एकदा दगड मागच्या बाजूला सुटून तुमच्या पाण्याच्या घागरीवर बसला, तेव्हापासून तुम्ही मला फक्त टाळ्या वाजवायची परवानगी दिलीत.

ऊन चढलं की पाखरं झाडीत जायची आणि आपण खाली बसायचो. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून तुम्ही तळहातावर चोळायचात, फुंकर मारून गरम हुरडा माझ्या हातावर ओतायचात. जवसाची चटणी, एखादा गुळाचा खडा. दादाच्या गोष्टी, गावातली भांडणं, माझ्या नोकरीतले साहेब, सगळं निघायचं. दुपारी तुमच्याकडे ताकातल्या कण्या. मला वाटायचं की परभणीत वीस वर्षं आपण नेमकं काय खात होतो?

आपला एक वाद राहिला तो राहिलाच. मी म्हणायचो, ज्वारीला चांगला भाव आला की लोक आपोआप पुन्हा पेरतील. तुम्ही म्हणायचात, "भावासाठी पेरणारा भाव पडला की सोडतो. खाणाऱ्यानं पेरावी." मी तुम्हाला बाजार समजावून सांगायचो आणि तुम्ही माझ्या हातावर आणखी हुरडा ओतायचात. त्यामुळे मी कधी जिंकलो नाही. तरी मला अजूनही वाटतं की माझं थोडं बरोबर होतं.

त्या माचाखाली सांगायला किती वेळा आलो होतो. एकदा तर सुरुवातही केली, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचं होतं." तुम्ही म्हणालात, "आधी ते राघू हाकला, मग सांगा." मी टाळ्या वाजवत पार दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिकडेच थांबलो. सुमन दरसाल पेरणीच्या दिवसांत म्हणायची, 'सांगून टाका आता.' मी म्हणायचो, 'बघू.' तुम्हाला कधी संशय आला का, मला माहीत नाही. आला असता तर तुम्ही मला सोडलं नसतंत, म्हणजे आला नसावा.

तुमच्या तेरवीच्या आदल्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. नर्मदाबाई बोरीहून दोन दिवस आधीच येऊन राहिल्या होत्या. प्रकाश पुण्याहून आल्यापासून धड जेवला नव्हता, पण सगळं तोच बघत होता. तुमचा लेक आहे, रडायचं ते मोरीत तोंड धुताना रडायचा. स्वयंपाकघरात येऊन त्यानं वर आढ्याकडे बघितलं. यंदाच्या पेरणीसाठीची कणसं तुम्ही टांगलेली तशीच होती.

"काका, ही कणसं काढून दळायला देऊ. उद्याच्या भाकरीला होतील. नाहीतरी आई म्हणायची, हे बी दुसऱ्या कुणाला येत नाही. रान बटईनं, निम्म्या वाट्यावर देतोय, तो माणूस हरभरा करणार आहे."

त्याचं काही चुकत नव्हतं. नर्मदाबाईंनी गोणपाट अंथरलं. एकीनं काठीनं कणसांची एक पेंडी खाली घेतली. पहिला काठीचा तडाखा बसला आणि दाणे चुलीपर्यंत उडाले.

मी म्हणालो, "थांबा."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं की हे बी कुठंही उगवतं. माझ्या रानात ते न उगवायला मी पेरलंच कुठं होतं? मी ते दळून खाल्लं आणि वहिनींशी खोटं बोललो. त्या चार वर्षं बियाला दोष देत राहिल्या आणि मी ऐकत राहिलो. एवढं बोललो आणि उंबऱ्यावर बसलो.

प्रकाश बोलला, अगदी हळू. "काका, दवाखान्यात आई म्हणत होती, माझ्यासंगं हे बियाणं बी चाललं. दोन-तीनदा म्हणाली." आणि तो बाहेर निघून गेला.

वहिनी, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही हे मनात घेऊन गेलात, याला आता माझ्याकडे काही उपाय नाही. त्याचं ओझं माझं मी वाहीन, कुणाला वाटून देणार नाही.

मग नर्मदाबाई म्हणाल्या, "म्हंजे मला जे रिकामं पाठिवलं, ते तुमच्यापायी?"

"हो."

त्यांनी गोणपाटावरचा एक दाणा उचलून दातांनी फोडला. "भाकर तरी गोड लागली का, मास्तर?"

खोटं बोलायची आता सोय नव्हती. म्हणालो, "लय गोड लागली."

त्यांना हसू फुटलं. त्या हसल्या तशा बाकीच्या हसल्या. सुमन डोळे पुसत हसत होती. दुःखाच्या घरात एवढं हसावं की नाही, मला कळेना, पण तुम्ही तिथं असतात तर सगळ्यांत मोठ्यानं हसला असतात याची मला खात्री आहे. आवाज ऐकून प्रकाश दारात आला. मग चपला काढून आत आला, स्टूल घेतलं आणि आढ्याची उरलेली कणसं स्वतःच्या हातानं खाली काढली. नर्मदाबाईंनी पदर पसरला होता. पहिली पेंडी त्यानं त्यात घातली. मग ज्या ज्या जणींना तुम्ही नाही म्हणाला होतात, त्यांना निरोप गेले. तेरवीचं जेवण करून जाताना प्रत्येकीच्या पिशवीत कणसं होती. तेरवीला भाकरी झाल्या त्या दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या. बऱ्या होत्या.

प्रकाशनं रजा वाढवली. बटईच्या माणसाला त्यानं यंदा नको म्हणून सांगितलं. पेरणीच्या सकाळी गावातली एकुलती एक बैलजोडी आणि तिफण आली. मी तुमच्या रानाकडे वळलो, तर त्यानं मला थांबवलं. "आधी तुमचं रान, काका." त्याच्या आवाजात राग होता की नव्हता, मला ओळखता आलं नाही. थोडा असावा. तो असायलाच हवा.

तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायला, नेहमी तुमची मूठ असायची. यंदा माझी होती. पेरणीला बोरीहून आलेल्या नर्मदाबाई बाजूनं चालत सांगत होत्या, "सैल सोडा, मास्तर, मुठीत दाबून नका धरू." तरी माझं काही जमलं नाही. आधी माझं एक एकर झालं, मग तुमचं रान. दुपारी तुमच्याच बांधावर बसून आम्ही भाकरी खाल्ल्या.

आज सकाळी बघून आलो. दोन्हीकडे कोंब वर आलेत. माझ्या रानात कुठं दाट पडलंय, कुठं हातभर मोकळं राहिलंय, ओळी वाकड्या आहेत, तुम्ही नावं ठेवली असतीत. पण एका बांधापलीकडेही ते तसंच हिरवं उगवलंय. पौषात मला दोन रानं राखायची आहेत आणि प्रकाश म्हणतो की शनिवार-रविवार तो येत जाईल. बोरीहून नर्मदाबाईंचाही फोन आला होता, त्यांचंही वर आलं. मी जेवतोय, झोपतोय, रानात जातोय. तुमची आठवण येते तेव्हा येऊ देतो.

आता माझं खोटं प्रकाशला माहीत आहे, सगळ्या बायकांना माहीत आहे, पार बोरीपर्यंत माहीत आहे. गिरणीवाला मला बघितलं की हसतो. गावात ज्याला भेटतो त्याला मी स्वतःच सांगतो, आता काही वाटत नाही. ज्या एका माणसाला सगळ्यांच्या आधी सांगायचं होतं, त्या तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं.